नॉयकोल्नमध्ये राहायचं तर महिन्याचा हिशेब

बर्लिनला शिकायला जाणारे बहुतेक विद्यार्थी व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षाचे 11,904 युरो आधीच भरतात. तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला 992 युरो हातात येतात. युरो ढोबळमानाने शंभर रुपयांचा धरला तर हे जवळजवळ लाखभर होतात, म्हणून घरची मंडळी निर्धास्त असतात. पण शेअर फ्लॅटमधली एक खोलीच आता 600 ते 700 युरोंना पडते आणि आरोग्य विम्याला साधारण 150 लागतात. उरलेल्या दीडशे-अडीचशेत खाणं, फोन आणि हिंडणं-फिरणं. नॉयकोल्नसारख्या भागात तेवढ्यात भागतं, पण तिथले वार आणि रिवाज लवकर कळायला हवेत.

खोली बघताना भाडं ‘थंड’ म्हणजे हीटिंग वगळून आहे की हीटिंग धरून, हे विचारा. डिपॉझिट ‘थंड’ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे. पत्त्याची नोंदणी 14 दिवसांत करायची असते. त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. ‘नोंदणी मिळणार नाही, म्हणून भाडं कमी’ असं कुणी म्हणालं तर ती खोली सोडून द्या. नोंदणीवाचून पुढची बरीच कामं अडतात. नोंदणी झाली की रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, घरात टीव्ही नसला तरी. महिना 18.36 युरो, पण ते घरामागे एकच असतं. सोबत्यांपैकी कुणी आधीच भरत असेल तर त्याचा शुल्क-खाते क्रमांक कळवा आणि रक्कम वाटून घ्या.

भाजीसाठी मायबाखउफरचा बाजार. मंगळवारी आणि शुक्रवारी कालव्याच्या काठाने तुर्की विक्रेत्यांच्या गाड्या लागतात. कोथिंबीर, वांगी, मेथीसारखी चव शोधणाऱ्याने इथे यावंच. संध्याकाळी आवराआवर सुरू झाली की विक्रेते भाव उतरवून ओरडू लागतात. सुटे युरो जवळ ठेवा. डाळ-तांदूळ, मसाले झोनेनअलेवरच्या अरबी दुकानांत मिळतात. रविवारी सुपरमार्केट बंद. कोपऱ्यावरचं ‘श्पेटी’ म्हणजे छोटं दुकान उघडं असतं, पण महाग, म्हणून दूध-ब्रेड शनिवारीच आणा.

पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते. रिकाम्या बाटल्या सुपरमार्केटच्या यंत्रात टाका, पावती काउंटरवर द्या. बाहेर प्यायलात आणि बाटली नकोशी झाली तर ती कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, शेजारी उभी ठेवा. बाटल्या गोळा करून त्या अनामतीवर गुजराण करणारी वयस्क माणसं या भागात रोज दिसतात. त्यांना डब्यात हात घालावा लागू नये.

प्रवासाचा पास अनेक विद्यापीठांत सेमिस्टर शुल्कातच येतो, म्हणून वेगळा काढण्याआधी चौकशी करा. पास हातात येईपर्यंत कागदी तिकिटावर प्लॅटफॉर्मच्या यंत्राचा शिक्का मारा. स्टेशनात फाटक नसतं, तपासनीस अनेकदा साध्या कपड्यांत येतात आणि शिक्का नसला तर 60 युरो दंड होतो.

फिरायला पैसे लागत नाहीत. 2008 मध्ये बंद झालेला टेम्पलहोफ विमानतळ 2010 पासून मोकळं मैदान आहे. धावपट्टीवर सायकली, पतंग, सहकुटुंब जेवणं चालतात. थंडीत ‘नॉयकोल्न आर्काडेन’ मॉलमधलं हेलेन-नाथान वाचनालय गाठा. तिथे बसून वाचायला सदस्यत्व लागत नाही.