स्वस्त व्होडका, महाग व्होडका आणि आपलं तिखट

या आठवड्याच्या व्हिडिओवरचं बाटलीचं चित्र पाहून दोघा-तिघांचे फोन आले, "सर, दारूचं दुकान टाकता काय?" नाही बाप्पा. किराणा आणि मसाल्याचं दुकान आहे, तेच पुरे आहे. मी स्वतः घेत नाही, तुम्ही घ्या असंही म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यात बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले आहेत, इथे बसून मी दारूची भलामण करणार नाही. पण भाव कसा ठरतो हे शिकवायला व्होडकाइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

विषय निघाला तो बॅचमधल्या पाटणबोरीच्या एका ताईंमुळे. त्या ज्वारीचे धापोडे करतात, उत्तम करतात. बचत गटातून कर्ज काढून सोनेरी अक्षरांची ५ हजार पाकिटं छापून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. खर्च ३८ हजार. मला विचारलं, "सर, पाकीट भारी केलं की भाव दुप्पट लावता येते ना?" मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. त्याऐवजी पुढची गोष्ट सांगितली.

व्होडका म्हणजे काय? धान्य, बटाटा किंवा मळी आंबवायची, त्यातलं अल्कोहोल गाळून जवळजवळ ९५ टक्क्यांपर्यंत शुद्ध करायचं, मग पाणी घालून खाली आणायचं. परदेशात बहुतेक ४० टक्के, आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ असतं. व्हिस्कीसारखं वर्षानुवर्षं लाकडी पिंपात मुरवणं नाही. अमेरिकेच्या सरकारी नियमात तर २०२० पर्यंत व्होडकाची व्याख्याच अशी होती, की तिला स्वतःचा वेगळा गुण, वास, चव किंवा रंग नसावा. आता बघा, ज्या मालाला चव नसणं हीच कायद्याची अट, त्याच्या दोन बाटल्यांच्या भावात चौपट-पाचपट फरक कसा?

सगळ्या व्होडका एकच, असंही म्हणू नका. ज्यांना सवय आहे त्यांना घशातली जळजळ, जिभेवरचा जाडसरपणा, राईचा किंवा गव्हाचा पुसटसा मागमूस कळतो. नीट शुद्ध न केलेली, एकदम हलकी दारू नाकाला लगेच लागते. म्हणजे खाली एक पातळी आहे. त्या पातळीच्या खालचा माल कोणीही ओळखतो. एकदा ती ओलांडली, की पुढचा फरक बारीक होत जातो आणि भाव मात्र झपाझप चढतो. त्यात लोक ती सरबतात, रसात मिसळून पितात, मग उरलेला फरकही बुडाला. लेबलवर "पाच वेळा गाळलेली" असं लिहितात ना, त्यालाही फार भुलू नका. कारखान्यातल्या उंच स्तंभात गाळणं सलग चालूच असतं, त्यामुळे तो आकडा बराचसा बोलण्यापुरता.

बीबीएला असताना कोटलरच्या मार्केटिंगच्या पुस्तकात एक किस्सा होता. परीक्षेसाठी पाठ केला, पण दुकानात बसल्यावर कळला. स्मर्नॉफ मूळ मॉस्कोची. तिचे अमेरिकेतले हक्क १९३९ मध्ये ह्यूब्लाइन कंपनीच्या जॉन मार्टिनने १४ हजार डॉलरला घेतले. पुढे १९६० च्या दशकात वुल्फश्मिट नावाची व्होडका बाजारात आली आणि म्हणाली, आम्ही स्मर्नॉफच्याच तोडीचे, आणि बाटलीला एक डॉलर कमी.

तुम्ही असता तर काय केलं असतं? आपल्या मेन रोडवर समोरच्याने साखर दोन रुपये उतरवली, की आपण तीन उतरवतो. ह्यूब्लाइनने उलट केलं. स्मर्नॉफ एक डॉलरने वाढवली. मग वुल्फश्मिटच्याच भावात रेल्स्का नावाची दुसरी बाटली आणली आणि त्याहून खाली पोपोव्ह ही तिसरी. समोरचा मध्येच चेपला गेला. खरी गंमत पुढे आहे. कोटलर लिहितात की या तिन्हींची चव आणि बनवायचा खर्च जवळपास सारखाच होता.

दुसरा गडी सिडनी फ्रँक. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्याने ग्रे गूज आणली. आधी नाव आणि "फ्रान्सची व्होडका" ही कल्पना, द्रव नंतर. त्या काळात ॲब्सोल्यूट ही महाग समजली जायची, याने तिच्याही कितीतरी वर भाव लावला. शिकागोच्या एका चाचणी संस्थेने १९९८ मध्ये चवीत पहिला नंबर दिला, तो त्याने जाहिरातीत पुरेपूर वापरला. २००४ मध्ये बकार्डीने हा ब्रँड दोन अब्ज डॉलरहून जास्त पैसे देऊन घेतला.

आणि लगेच पुढच्या वर्षी, जानेवारी २००५ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने लेबल झाकून २१ व्होडका चाखल्या. बहुतेक सगळ्या महागड्या. तुलनेला म्हणून एक साधी स्मर्नॉफ गुपचूप त्यात सरकवली होती. पहिली आली ती स्मर्नॉफ. ग्रे गूज पहिल्या दहातही नव्हती.

म्हणून ग्रे गूजवाल्याने फसवलं का? व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी तसं लिहिलं. मला तसं वाटत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. तीच वाइन लोकांना एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. महाग सांगितल्यावर लोकांना ती जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये आनंदाची नोंद करणारा भागही जास्त चेतलेला दिसला. म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच जास्त मजा येत होती. पाहुण्यांसमोर बाटली ठेवणारा माणूस द्रवाचे पैसे देत नाही, पाहुण्यांच्या नजरेचे देतो. आपण लग्नाच्या पत्रिकेवर खर्च करतो तसंच.

आता आपल्या महाराष्ट्रात या. आपल्याकडे दारूच्या भावात तिसराच एक भागीदार आहे, सरकार. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उत्पादन शुल्क वाढवलं. १८० मिलीची किमान किंमत ठरली ती अशी: देशी ८० रुपये, धान्यापासूनची नवीन "महाराष्ट्र मेड लिकर" १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५ आणि प्रीमियम विदेशी ३६०. या पायऱ्या जिभेने नाही, आदेशाने ठरल्या. पण काउंटरवरच्या माणसाला तो हिशोब कोण सांगणार? तो म्हणतो, "महाग आहे म्हणजे चांगली असंल." टीव्हीवर दारूची उघड जाहिरात करता येत नाही, त्यामुळे बाटलीचा आकार आणि भाव यांनाच बोलावं लागतं.

इथपर्यंत ऐकून आमच्या बॅचमधला एक पोट्टा उत्साहाने म्हणाला, "म्हणजे सर, माल तोच, पाकीट नवीन, भाव डबल!" थांब रे बाबा. हेच मी करून बसलो होतो.

२०१९ ची दिवाळी. मी लाल तिखटाची दोन पाकिटं काढली. पाव किलो साधं ६० रुपये आणि चकचकीत पाकिटातलं "स्पेशल" ९५ रुपये. मिरची एक, चक्की एक, दिवससुद्धा एक. दोन महिने स्पेशल धडाधड गेलं. मी स्वतःला सिडनी फ्रँक समजायला लागलो. हायवेवर एक खानावळ चालवणाऱ्या काकू घरी स्पेशल न्यायच्या आणि खानावळीला साधं, महिन्याला दहा-बारा किलो. एक दिवस त्यांच्या स्वयंपाकिणीकडून पाकिटांची अदलाबदल झाली आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही. काकू दुकानात आल्या. चार गिऱ्हाइकांसमोर कागदावर दोन्ही तिखटं ओतली आणि म्हणाल्या, "भाऊ, मले हे पस्तीस रुपये कायचे लावले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं खातं गेलं, आणि त्या चार गिऱ्हाइकांनी ते किती जणांना सांगितलं असेल ते मोजता येत नाही. ग्रे गूज घेणारा माणूस कंपनीच्या मालकाला आयुष्यात भेटत नाही. आपलं गिऱ्हाईक मंगळवारी परत येतं, आणि आपल्या चक्कीवाल्याला नावाने ओळखतं. शिवाय व्होडका सरबतात लपते, तिखट रस्स्यात लपत नाही. रंग आणि तर्री लगेच बोलते.

नंतर मी स्पेशल बंद केलं नाही, खरोखर स्पेशल केलं. भिवापुरी मिरची घेतली, देठ काढायला दोन बायांना रोजी लावली. किलोमागे साठ-सत्तर ग्रॅम देठच निघतात, ते आधी सगळं तिखटात जात होतं. माझा खर्च किलोला ३८ रुपये वाढला, भाव मी किलोला ६० रुपये जास्त ठेवला, म्हणजे पाव किलोला १५. पाकिटावर "देठ काढलेली" एवढंच लिहिलं. कोणी विचारलं तर दुकानाच्या मागे बसलेल्या बाया दाखवता येतात. विक्री दिवाळीतल्या त्या दोन महिन्यांइतकी आजही नाही, हे खरं सांगतो. पण महिन्याला पाकिटं परत परत जातात.

तेव्हा भाव ठरवण्याआधी तुमचा फरक जिभेवर आहे की लेबलवर, हे शोधा. त्यासाठी न्यूयॉर्क टाइम्स लागत नाही, तीन वाट्या लागतात. दोन वाट्यांत एकच माल, तिसरीत दुसरा. कोणत्या ताईला दोन तुमच्या आणि एक बाजारची द्या, कोणत्या काकांना उलट. वाट्यांना एक, दोन, तीन असे नंबर देऊ नका, लोक "एक नंबर" लाच चांगलं म्हणतात. वाटीखाली रंगाचा ठिपका लावा. मध्ये पाण्याचा घोट. प्रश्न एकच: वेगळी कोणती? आवडली कोणती, हे ज्याने वेगळी बरोबर ओळखली त्यालाच विचारा. घरच्या माणसांना बसवू नका, आई तुमचंच नाव घेणार.

नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतोच. म्हणून बारा जण बसवले आणि चार बरोबर आले तर आनंद मानू नका, तो नशिबाचा आकडा आहे. बारापैकी आठ किंवा जास्त आले तर फरक खरा धरा. सहा-सात आले तर आणखी माणसं बसवून पुन्हा करा.

ताईंनी हे केलं. त्यांचे धापोडे विरुद्ध बाजारातलं एक पाकीट, एकाच तेलात एकाच वेळी तळलेले. बारापैकी दहा जणांनी वेगळा ओळखला, त्या दहातल्या आठ जणांना ताईंचा आवडला. "जिरं लागते आणि दातात चिकटत नाही," असं एक आजोबा म्हणाले. मग मी आणखी एक करायला लावलं. ताईंचेच धापोडे, एकदा साध्या पिशवीत, एकदा छापणाऱ्याकडच्या नमुन्याच्या सोनेरी पाकिटात, आणि विचारायचं, किती देणार? सोनेरीला लोक १५-२० रुपये जास्त बोलले. म्हणजे ताईंचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं, पाकिटाचा भाव आहेच. पण दुप्पट कोणीच बोललं नाही.

मग हिशोब मांडला. ३८ हजारांत ५ हजार पाकिटं, म्हणजे नगाला साडेसात रुपयांहून जास्त, आणि ५ हजार खपायला ताईंच्या वेगाने दोन वर्षं. त्यांनी ती ऑर्डर थांबवली. ५०० पारदर्शक पाकिटं घेतली, वर साधं स्टिकर, "जिरं घातलेले, उन्हात वाळवलेले". आधी पाकिटाचे ९० घ्यायच्या, आता १२० केले. पहिल्या आठवड्यात दोन जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली, त्यातलं एक परत आलं, एक अजून आलेलं नाही.

नवरात्रात केळापूरला जगदंबा देवीच्या दर्शनाला गर्दी असते. ताई तिथे तळलेल्या धापोड्यांचं ताट चाखायला ठेवून बसणार आहेत. अनोळखी माणूस चाखून १२० देतो की पुढे जातो, ते नऊ दिवसांत वहीत लिहायला सांगितलं आहे. वही आली की तिचे आकडे व्हिडिओत दाखवतो.