कुंडीतली पाथरी

शेताच्या बांधावर किंवा पाटाच्या ओल्या कडेला जमिनीलगत पसरलेली एक छोटी वनस्पती तुम्ही पाहिली असेल. तिच्या पानांच्या कडा दातेरी असतात. पान तोडले की पांढरा चीक निघतो. फुले पिवळी असतात. हीच पाथरी. तिचे एक फूल म्हणजे खरे तर अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. सूर्यफूल, हकिमांच्या औषधातील कासनी आणि थंड देशांतील डँडेलियन ही सारी पाथरीच्याच कुळातली.

माझी नानी पाथरीची कोवळी पाने धुऊन भाकरीबरोबर कच्चीच खात असे. लहानपणी मी तिच्यासाठी पाथरीचे एक रोप उपटून आणले व अंगणात लावले. दोन दिवसांत ते वाळले. नानी म्हणाली, “बेटा, तू पाने आणलीस. मूळ तर शेतातच राहिले!” पाथरीचे मूळ खोल जाते. ओढले की ते मध्येच तुटते.

म्हणून रोप उपटू नका, बी आणा. फूल सुकल्यावर त्यावर पांढरे, रेशमी तंतू दिसतात. प्रत्येक बीला असा झुपका असतो. त्याच्या आधाराने बी वाऱ्यावर उडते. थोडे बी घ्या, बाकीचे तिथेच राहू द्या. तळाला भोके असलेल्या जुन्या बादलीत माती व शेणखत भरा. वर बी पसरून मातीचा पातळ थर द्या. माती ओलसर ठेवा, पण पाणी साचू देऊ नका. रोपे वाढली की बाहेरची पाने तोडा, मधला कोंब राखा. काही फुले बियांसाठी सोडा.

मात्र गटाराजवळची किंवा औषध फवारलेल्या शेतातली पाथरी खाऊ नका. जाणत्या माणसाने ओळख पटवल्याशिवाय कोणतीही रानभाजी तोंडात घालू नका.

युरोपात ओली कुरणे कोरडी केल्यामुळे डँडेलियनच्या काही पाणथळ जाती दुर्मीळ झाल्या आहेत. आपल्याकडेही बांधावर तणनाशक फवारले की तणांबरोबर पाथरी मरते. ज्याला आपण तण म्हणतो, ते कुणाच्या तरी ताटातली भाजी असते. तेव्हा उपटण्याआधी त्याचे नाव विचारा.

करून पाहा : घरातील वडीलधाऱ्यांना तीन रानभाज्यांची नावे विचारा व त्या कुठे उगवतात ते वहीत लिहा.