आधी टाकी भरून उचलून दाखवा

द्राक्षबागेत दोन ओळींमधलं अंतर कागदावर नऊ फूट असतं. त्यातून दोन्हीकडचे बोद, वाय अँगलचे पसरलेले हात आणि लोंबणारी ठिबकची नळी वजा केली, की जेमतेम चार-साडेचार फुटांचा बोळ उरतो. म्हणून तर निफाड-दिंडोरीपासून तासगावपर्यंत छोट्या ट्रॅक्टरांची चलती आहे. कुबोटा, महिंद्रा, स्वराज, जॉन डिअर, कॅप्टन, सगळ्यांची मॉडेलं बाजारात आहेत. प्रस्तुत लेखकाने त्यांच्यासारखाच एक, २४ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह, ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर घेतला. कोणत्या कंपनीचा ते इथे सांगणार नाही. तसंही तक्रार यंत्रापेक्षा ते विकणाऱ्यांबद्दल जास्त आहे.

यंत्राला श्रेय द्यायचं तेवढं आधी देऊन टाकू. ओळीच्या टोकाला तो एका दमात वळतो, मागेपुढे करावं लागत नाही. परतीच्या पावसाने काळी जमीन लोण्यासारखी झालेली असताना पुढची चाकं ओढ धरतात. डिझेलही बेताचं पितो. पहिल्या आठवड्यात लेखक भेटेल त्याला बांधावर बोलावून ट्रॅक्टर दाखवत होता.

मग फवारणीचा ब्लोअर जोडला. ४०० लिटरचा, तीन पॉइंटला उचलायचा. टाकी काठोकाठ भरली. बागेचं एक टोक नाल्याकडे उतरतं, तिथून वर चढताना वळायचं होतं. स्टेअरिंग पूर्ण फिरवलेलं आणि ट्रॅक्टर मात्र सरळ, कडेच्या अँगलच्या ताणाकडे निघालेला. "मामा, पुढची चाकं उचलली!" भाचा मागून ओरडला. लेखकाने क्लच दाबून ब्रेक मारला, ब्लोअर हळूहळू खाली टेकवला आणि खाली उतरला. पुढच्या टायरांचे ठसे चिखलात जवळजवळ उमटलेच नव्हते. घामाचं काही सांगत नाही.

शोरूमला फोन केला. विक्री करताना "काका, डोळे झाकून न्या" म्हणणारा तोच पोरगा बोलला. म्हणाला, "काका, टाकी अर्धी भरा ना." म्हणजे डाऊनी रोगाचं वातावरण असताना, पोंगा ते फुलोरा या नाजूक दिवसांत, जेव्हा पाऊस उघडल्याबरोबर औषध मारून व्हायला हवं, तेव्हा पाण्यासाठी दुप्पट हेलपाटे घालायचे. त्यावर मॅनेजर साहेबांचं निदान असं : "तुम्हाला मोठ्या ट्रॅक्टरची सवय आहे, हात बसायला वेळ लागेल." वास्तविक खरेदीआधी लेखकाने त्या पोराला व्हॉट्सॲपवर स्पष्ट विचारलं होतं, ४०० लिटरचा ब्लोअर चालेल ना? उत्तरात अंगठा आला होता. तो अंगठा अजून मोबाइलमध्ये आहे. तो दाखवल्यावर साहेब म्हणाले, "चालेल म्हणजे उचलेल, असं त्याला म्हणायचं होतं."

गंमत अशी की ते कागदावर बरोबर होते. ४०० लिटर पाण्याचे ४०० किलो, पंप, पंखा, सांगाडा यांचे दोनेक क्विंटल, म्हणजे सहाशेच्या आसपास. माहितीपत्रकात लिफ्टची क्षमता ७५० किलो. पण हा आकडा लिफ्टच्या खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी मोजलेला असतो. ब्लोअरचा भार तिथे नसतो, तो आणखी मागे असतो. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात लिफ्ट दोन ठिकाणी मोजलेली सापडते : दांड्यांच्या टोकाशी, आणि तिथून ६१० मिलिमीटर मागे. दुसरा आकडा कमी असतो आणि बागेत उपयोगाचा तोच. हे अहवाल इंटरनेटवर मिळतात. शोरूममध्ये अहवाल मागितला तर "तो कशाला लागतो?" असं विचारतील, तरी मागाच.

आणि हायड्रोलिकने ओझं उचललं म्हणजे ट्रॅक्टर तोल सांभाळेलच असं नाही. मागे जेवढं वजन लटकतं, तेवढी पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर आणखी. त्यासाठी पुढे लोखंडी वजनं लावतात. माहितीपत्रकाच्या फोटोत ती ऐटीत लावलेली होती. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, "ऐच्छिक".

तेव्हा घेणाऱ्याने आपला ब्लोअर शोरूमच्या दारात न्यावा, तिथेच पाण्याने भरावा, लिफ्टने उचलायला लावावा आणि जवळच्या एखाद्या चढावर वळवून दाखवा म्हणावं. नाही म्हणाले तर दुसरं शोरूम. एचपी विचारताना पीटीओवरची, म्हणजे मागच्या अवजाराला मिळणारी, विचारावी. इंजिनाच्या २४ पैकी ब्लोअरच्या पंख्याला १८ ते २० च मिळतात. रुंदी टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत स्वतःच्या टेपने मोजावी. बऱ्याच मॉडेलांत मागच्या रिम उलट्या बसवून ती कमी-जास्त होते, पण हे कुणी आपणहून सांगत नाही. रेडिएटरची जाळी पानांनी आणि गंधकाच्या भुकटीने बुजते, ती रोज झटकावी. पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना येते. फवारणीच्या दिवसांत हे तास पटकन भरतात आणि मेकॅनिक तेव्हाच गावाला गेलेला असतो, म्हणून तारीख आधी ठरवून घ्यावी. बाकी कागद नीट वाचा, घाई करू नका, वगैरे सगळे सांगतातच.

पैशाचंही ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. लेखकाच्या हातात त्यानंतरही जुनंच कोटेशन ठेवलं होतं. "सिस्टीममध्ये अजून बदललेलं नाही" हे कारण. सिस्टीम बदलेपर्यंत बसून राहतो म्हटल्यावर चहा संपायच्या आत बदलली. आणि राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदानाचा अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात पडेपर्यंत खरेदी करू नका. आधीच्या तारखेचं बिल असलं की अनुदान गेलं. शोरूमवाले "मागाहून करून देऊ" म्हणतात. करून देत नाहीत.

पुढची लोखंडी वजनं शेवटी आली. फुकट नाही, बिलासकट. वर चार बोल्ट आवळल्याची मजुरी. ती लावल्यावर ट्रॅक्टर भरल्या टाकीने चढावर वळतो, म्हणजे दोष हाताचा नव्हता. तसं लेखकाने शोरूममध्ये जाऊन दोन गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगितलं. साहेब मोबाइल बघत राहिले.

नंतर कंपनीकडून एका मुलीचा फोन आला, खरेदीच्या अनुभवाला दहापैकी किती गुण द्याल? लेखक म्हणाला, ट्रॅक्टरला आठ, शोरूमला एक. ती म्हणाली, "सर, एकच आकडा भरता येतो."