वेबसाइट बंद पडली तरी धंदा चालू कसा ठेवायचा?

४ ऑक्टोबर २०२१ आठवतो का? रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि फेसबुक तिन्ही एकदम बंद पडलं. जवळपास सहा तास. हॅकिंग नव्हतं, देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडमुळे कंपनीची डेटा सेंटर्स जोडणारं नेटवर्कच तुटलं.

आता विचार करा. तुम्ही नशिराबादहून केळी वेफर्स विकता आणि ऑर्डर फक्त इन्स्टावर येतात. अशा रात्री कोणाला किती पाकिटं पाठवायची, हे कुठे बघणार? गिऱ्हाईक तुमचं, पण यादी दुसऱ्याच्या घरात!

म्हणून चार सवयी लावा:

१. ऑर्डर आली की नाव, मोबाईल नंबर, पत्ता, माल आणि जमा-बाकी लगेच वहीत उतरवा.

२. साइट बंद पडली की गिऱ्हाइकाला साधा एसएमएस किंवा फोन करा: "तुमची ऑर्डर मिळाली आहे, माल उद्या निघेल."

३. पैसे आले का, ते स्क्रीनशॉटवर नाही, बँक खात्यात बघा.

४. साइट सुरू झाली की वहीशी जुळवा, नाहीतर एकच माल दोनदा जाईल.

आज रात्री दुकान बंद केल्यावर शेवटच्या वीस ऑर्डर वहीत लिहून काढा. ज्यांचा नंबर नाही, त्यांच्याकडून उद्याच मागून घ्या.