नंबर बरोबर, मग करंगळी का ठणकते?

प्रश्न : सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. वय ६९. तिकडे साध्या चपलेवर रोज सकाळी अजिंक्यताऱ्याचा चढ चढायच्या, पाय दुखल्याचं कधी बोलल्या नाहीत. इथे आम्ही हौसेने मऊ, महागडे वॉकिंग शूज घेऊन दिले, तर रूझवेल्ट पार्कच्या तळ्याभोवती एक फेरी होते न होते तोच करंगळी ठणकायला लागते. एक नंबर मोठा आणला, तर टाच निसटते. त्या म्हणतात, "मला आपली माझी चप्पलच बरी." चपलेत न दुखणारा पाय चांगल्या बुटात का दुखावा? आणि जाताना त्यांनी हे बूट नेले, तर तिकडे टिकतील का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : सासूबाईंचं ऐका, निदान निम्मं तरी. त्यांच्या पायात खोट नाही, बहुधा बुटातही नाही. दोघांची रुंदी जमलेली नाही, एवढंच. तुम्ही दुकानात नंबर सांगितलात. नंबर म्हणजे लांबी, आणि ती बरोबरच असणार. रुंदीचं कुणी विचारलं नाही.

जन्मभर चपलेत राहिलेला पाय पुढून पसरतो. चवड्याला दोन्ही बाजूंनी दाबणारं काही नसतं, त्यामुळे बोटं मोकळी वाढतात. बेल्जियमच्या काही संशोधकांनी भारतातले अनवाणी चालणारे, भारतातलेच पायताण वापरणारे आणि पाश्चात्त्य देशांतले बूट घालणारे, अशा तीन गटांचे पाय मोजून २००९ मध्ये निष्कर्ष छापले. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय रुंद होते आणि अंगाचा भार तळव्यावर सारखा पसरत होता. पाश्चात्त्यांचे पाय दोन्ही भारतीय गटांपेक्षा चिंचोळे निघाले. त्याआधी, १९९२ मध्ये, कर्नाटकातल्या दोन डॉक्टरांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. सपाट पाय सर्वांत जास्त आढळले ते बंद बूट घालणाऱ्या मुलांत, सँडल-चपलावाल्यांत त्याहून कमी आणि अनवाणी मुलांत सर्वांत कमी. तेव्हा 'गावाकडे चपला घालून पाय बिघडले' असं इथली नातवंडं म्हणत असतील, तर त्यांना हे जरूर सांगा. त्यात वयाचा भाग वेगळाच. साठीनंतर पायाचे बंध सैलावतात, पाऊल किंचित लांबतं आणि बरंच रुंदावतं. लग्नाच्या वेळचा नंबर आता धरून चालत नाही.

अमेरिकेत बुटाची रुंदी अक्षरांनी सांगतात. बायकांच्या बुटात साधी रुंदी 'बी', रुंद म्हणजे 'डी', आणखी रुंद 'टू-ई'. पुरुषांत 'डी' हीच साधी, 'टू-ई' रुंद आणि 'फोर-ई' फार रुंद. मॉलमधल्या फळीवर बायकांसाठी बहुतेक 'बी'च मांडलेले असतात, म्हणजे नेमके सासूबाईंना चावणारे. रुंद जोड मागवून घ्यावे लागतात. नाहीच मिळाले तर एक सोपी युक्ती आहे : पुरुषांच्या विभागात जा आणि बायकांच्या नंबरातून दीड वजा करा. बायकांचा आठ तो पुरुषांचा साडेसहा, आणि रुंदी आपोआप 'डी'. रंग मात्र करडा, काळा नाहीतर गडद निळा. सासूबाईंची त्याला हरकत असेल असं वाटत नाही. असलीच तर सुनेच्या पसंतीला असेल.

एक नंबर वाढवून प्रश्न का सुटला नाही, ते आता बघा. चालताना पाऊल चवड्यापाशी मोडतं आणि बूटही नेमका तिथेच मोडायला हवा. लांब बुटाचा मोडायचा भाग चवड्याच्या पुढे सरकतो. मग पाऊल एकीकडे वाकतं, बूट दुसरीकडे, आणि या ओढाताणीत टाच वर उचलली जाते. सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉकने १९२० च्या दशकात पाऊल मोजायचं धातूचं साधन केलं, ते म्हणूनच तीन मापं घेतं : टाचेपासून बोटापर्यंत, टाचेपासून चवड्यापर्यंत, आणि रुंदी. धावण्याच्या बुटांच्या खास दुकानांत ते अजून सापडतं. तिथे जा. संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय सुजतो. दोन्ही पाय उभं राहून मोजून घ्या आणि जो मोठा भरेल त्याचं माप धरा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी.

आता मऊपणाबद्दल. दुकानात हाताने दाबून 'काय मऊ आहे हो' म्हणत बूट घेणं ही आपली सर्वांची खोड. जाड, मऊ सोलमध्ये पायाला जमिनीचा अंदाज येत नाही आणि वयस्कर माणसांचा तोल ढळतो, हे प्रयोगांत दिसून आलं आहे. आधार मिळतो तो ताठपणातून. टाचेमागची वाटी दोन बोटांनी चेपून पाहा, ती सहज चेपता कामा नये. बूट दोन्ही हातांनी पिळून पाहा, फडक्यासारखा पिळला गेला तर परत फळीवर ठेवा. पुढचा भाग वाकवलात तर तो चवड्याच्या जागी मोडावा, मध्येच नाही. थोडी गादी हवीच, कारण इथला फुटपाथ काँक्रीटचा आहे. अजिंक्यताऱ्याच्या चढावर प्रत्येक पाऊल थोडं वेगळं पडतं, इथे मैलभर तेच ते.

चपलेचा आग्रह मी निम्माच का मान्य केला, त्याचं कारणही यातच आहे. चप्पल टाच धरत नाही, ती अडकवून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात. घरापासून मंडईपर्यंत ते चालून जातं. मिडलसेक्स ग्रीनवेसारख्या साडेतीन मैलांच्या वाटेवर बोटं दमतात. आणि नोव्हेंबर आला की थंडीच काय तो निकाल देईल.

पुढची गोष्ट दुकानातली मुलगी विचारणार नाही, म्हणून मी विचारते. सासूबाई जोडवी घालतात का? घालत असतील तर बूट मोज्यांसकट आणि जोडव्यांसकट घालून पाहा. नुसती रुंदी पुरत नाही, बोटांवरची उंचीही लागते. 'एक्स्ट्रा डेप्थ' म्हणून बूट मिळतात ते याच कामाचे. फिरायला जाण्यापुरती जोडवी काढायला त्या तयार झाल्या तर उत्तमच, पण त्या वादात मी पडणार नाही. दुसरं, आपल्याकडे दाराशी, देवळात, मंडळाच्या कार्यक्रमात सारखे बूट काढावे लागतात. मग लेस न सोडता टाच तुडवत पाय घालायची सवय लागते आणि पैसे मोजून घेतलेली ती ताठ वाटी महिन्याभरात लोळते. वेल्क्रोचा पट्टा असलेले बूट, लांब दांड्याचं शू-हॉर्न आणि दाराशी बसायला एक स्टूल, एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

डायबेटिस असेल तर मात्र 'कुठे दुखतंय का' हा प्रश्नच निरुपयोगी ठरतो. बधिर झालेला पाय घट्ट बूट पसंत करतो, कारण घट्ट असेल तरच काहीतरी जाणवतं. हे जगाला नीट समजावलं ते तमिळनाडूत जन्मलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी. १९४६ पासून वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करताना त्यांच्या लक्षात आलं, की पायाच्या जखमांचं मूळ सडक्या मांसात नाही. वेदना नसलेल्या पायावर त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब पडतो, त्यातून त्या होतात. १९६६ मध्ये ते लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात आले आणि त्यांचं ते ज्ञान पुढे डायबेटिसच्या रुग्णांच्या कामी आलं. तेव्हा सासूबाईंना साखर असेल तर आधी डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्या. बूट घालण्यापूर्वी रोज आत हात फिरवायचा आणि संध्याकाळी तळवे बघायचे. इथे कायम राहणारे आणि मेडिकेअर पार्ट बी असलेले आईवडील असतील, तर डायबेटिसमुळे पायाचा गंभीर त्रास असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिल्यावर वर्षाला एक जोड खास बूट आणि तीन जोड इनसोल मिळतात, वीस टक्के खर्च आपला. सहा महिन्यांच्या पाहुण्यांना अर्थात ते लागू नाही.

किमतीबाबत एक दिलासा : न्यू जर्सीत रोजच्या वापराच्या बुटांवर विक्रीकर नाही. पलीकडे न्यूयॉर्कमध्ये ही सूट ११० डॉलरच्या आतल्या जोडापुरतीच आहे. नवे बूट आधी दोन-तीन दिवस घरातच, गालिच्यावर वापरा. सोल मळला नाही तर बहुतेक दुकानं परत घेतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. बूट नेऊ द्या, पण 'अमेरिकेचे आहेत' म्हणून कपाटात जपून ठेवू देऊ नका. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत न वापरताही विरतो. दोन-तीन पावसाळे कपाटात काढलेला जोड एखाद्या लग्नाला बाहेर निघतो आणि मांडवातच त्याच्या सोलचे तुकडे पडतात. साताऱ्याला पोचल्यापासून रोज घालायला सांगा, आणि टाचेची एक बाजू झिजून बूट कलायला लागला की नवा जोड घ्यायला सांगा. या वेळी मोजलेलं माप, अक्षरासकट, एका कागदावर लिहून त्यांच्याजवळ द्या. मात्र भारतात नंबर ब्रिटिश पद्धतीचे असतात. इथला बायकांचा आठ तिथे साधारण सहा भरतो, आणि रुंदीचं अक्षर बहुतेक दुकानांत नसतंच. तेव्हा तिकडेही पुरुषांच्या फळीपासूनच सुरुवात करायची.