अंगावरचं दूध आणि ती एक गोळी

डोंबिवली, सोमवार

चि. सोनू,


काल सकाळी फोनवर तू अगदी दबक्या आवाजात बोलत होतीस. घरात सगळे असणार, म्हणून मीही थोडक्यातच सांगितलं, की गोळी लगेच घे आणि बाळाला पाजणं थांबवू नकोस. एवढ्यावर तुझं समाधान झालेलं नाही, हे तुझ्या रात्रीच्या मेसेजवरून कळलं. माझी उभी नोकरी प्रसूतिगृहात गेली. हेच प्रश्न कितीतरी बायकांनी मला कोपऱ्यात गाठून विचारले आहेत. तेव्हा तुला नीट बसून लिहिते.

आधी दुधाचं. तू घेतलीस ती लेव्होनॉरजेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची एक गोळी. संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी चांगली. ती बीजकोशातून अंडं बाहेर पडणं लांबवते, बाकी काही करत नाही. आधीच दिवस राहिले असतील तर ती गर्भ पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही. तिचा अगदी थोडा अंश दुधात उतरतो. त्याने बाळाला अपाय होत नाही, दूधही आटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अंगावर पाजणाऱ्या बाईला या गोळीसाठी कसलीच आडकाठी ठेवलेली नाही. काही कंपन्यांच्या पत्रकांत आठ तास पाजू नका असं छापलेलं असतं, ती त्यांची जास्तीची खबरदारी. एखादीला मनाला बरं वाटत असेल तर तिने बाळाला पोटभर पाजून मग गोळी घ्यावी, एवढंच पुरे. तू मोबाइलवर जे ‘आठवडाभर दूध काढून फेका’ वाचलंस, ते वेगळ्याच गोळीबद्दल आहे. तिचं नाव युलिप्रिस्टल, परदेशात ती या कामासाठी वापरतात आणि तिच्या पत्रकात तसं लिहिलेलं असतं. तुझी गोळी ती नव्हे. रात्री पिळून फेकलंस तेवढं पुरे झालं. आता एक थेंबही वाया घालवू नकोस.

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली असती तर दुसरी घ्यावी लागली असती. तसं झालं नाही म्हणालीस, बरं झालं. मळमळ, डोकं जड होणं, स्तन दुखणं, मध्येच थोडा लाल डाग दिसणं हे दोन-चार दिवस चालतं. आणखी एक, तुझ्या जाऊबाईंनाही सांगून ठेव : फिटच्या काही गोळ्या आणि टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर या गोळीचा जोर कमी पडतो. अशा बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिच्यावर विसंबू नये.

आता तुझा खरा प्रश्न. ‘मावशी, बाळंतपणानंतर पाळी आलीच नाही, मग दिवस राहतील कसे?’ सोनू, याच समजुतीने किती घरांत पहिलं रांगत असताना दुसऱ्याची चाहूल लागली आहे! अंडं आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर दोनेक आठवड्यांनी येते. म्हणजे पहिली पाळी दिसायच्या आतच दिवस राहू शकतात, आणि मग पाळी येतच नाही. बाईला वाटतं अजून अंगावर पितंय म्हणून आली नाही, आणि कळतं तेव्हा चौथा महिना लागलेला असतो.

तुझ्या सासूबाई म्हणतात ते मात्र अगदीच खोटं नाही. अंगावर पाजण्याने संरक्षण मिळतं, आणि चांगलं मिळतं. शंभरात अठ्ठ्याण्णव बायकांना सहा महिन्यांत दिवस राहत नाहीत. पण त्याला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. पाळी परत आलेली नसावी, बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं, आणि त्याला आईच्या दुधाखेरीज काही दिलेलं नसावं, पाणीसुद्धा नाही. शिवाय दिवसा चार आणि रात्री सहा तासांहून जास्त खंड नको. बाळ ओढतं तेव्हा शरीरात प्रोलॅक्टिन वाढतं आणि अंडं सुटणं दबून राहतं. ओढणं कमी झालं की तो दाब सुटतो. आपलं बाळ सातव्या महिन्यात आहे, नाचणीची पेज, वरणाचं पाणी चालू झालंय आणि तूच कौतुकाने सांगत होतीस की आता रात्रभर झोपतं. सासूबाईंच्या काळी ते संरक्षण त्यांना मिळालं असेल, पण तुला आता ते उरलेलं नाही.

म्हणून पुढचं लक्ष देऊन वाच. या गोळीनंतरही शंभरात एक-दोघींना दिवस राहतात. शिवाय गोळीने अंडं फक्त लांबणीवर टाकलेलं असतं, त्यामुळे पुढच्या आठवड्यातला संबंध जास्त धोक्याचा. आजपासून निरोध वापरल्याशिवाय नाही. पाळीची वाट तुला बघता येत नाही, तेव्हा शनिवारच्या संबंधापासून तीन आठवडे मोजून सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी कर.

पण त्याहून भक्कम मार्ग अजून गुरुवार रात्रीपर्यंत उघडा आहे, तो म्हणजे तांबी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती या गोळीपेक्षाही खात्रीची, आणि पुढची पाच किंवा दहा वर्षं वेगळं काही बघायला नको. दुधावर तिचा काही परिणाम नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईचं गर्भाशय मऊ असतं, बसवताना भोक पडण्याचा धोका किंचित जास्त असतो, शिवाय तुझं सिझर झालेलं. म्हणून सरावलेल्या हाताकडूनच बसवून घ्यायची. शहाडहून कल्याण एकच स्टेशन, तिथल्या रुक्मिणीबाई रुग्णालयात जा, किंवा रिक्षाने उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात. सरकारी ठिकाणी हे मोफत आहे.

तांबी नकोच वाटली तर तपासणी कोरी आल्यावर अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा, नाहीतर छाया गोळी. छाया लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेने शोधलेली, तिच्यात हार्मोन नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. दोन्ही पाजताना चालतात. माला-एन सध्या नको, तिने दूध कमी होऊ शकतं. आणि ही तातडीची गोळी दर महिन्याची सवय करू नकोस. तिने विष चढत नाही, पण नेहमीच्या साधनापेक्षा ती कमी भरवशाची आहे आणि पाळीचं वेळापत्रक पार बिघडवते.

इतकं करूनही दिवस राहिलेच, तर मेडिकलमधून परस्पर गर्भ पाडायच्या गोळ्या आणून घ्यायच्या नाहीत. त्या वेगळ्या गोळ्या आहेत, रक्तस्राव जिवावर बेततो. सरळ मला फोन कर. 1971 पासून कायदा आपल्या बाजूने आहे, आणि सज्ञान बाईची स्वतःची संमती त्याला पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. पुढचं मूल हवं असेल तर बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत थांबावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुझ्या पोटावरच्या टाक्यांसाठी तर ते मला फारच गरजेचं वाटतं.

स्टेशनबाहेरच्या मेडिकलवर ओळखीचे लोक होते म्हणून तू पुढच्या दुकानापर्यंत चालत गेलीस, हे ऐकून मला वाईट वाटलं. 2005 पासून ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते, ती मागण्यात चोरी कसली? र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी कॉलेजातली नोकरी सोडावी लागली, खटले सोसले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. तुझ्यामाझ्यासारखीला उघडपणे विचारता यावं म्हणूनच या माणसांनी एवढं सोसलं. आशाताई लसीकरणाला बोलावते तेव्हा तिलाही विचार, तिच्या पिशवीत निरोध, छाया, तातडीची गोळी सगळं असतं.

हे पाकीट जावईबापूंच्याच हाती देते आहे, ते आज संध्याकाळी येणार आहेत. चिकटवलेलं नाही, त्यांनीही वाचावं. गोळी तू घ्यायची, मळमळ तू सोसायची आणि तीन आठवड्यांची धाकधूकही तुझी एकटीची, हे मला पटत नाही. निरोध आणणं त्यांचं काम. दोन मुलं झाल्यावर थांबायचं ठरलं तर पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी सोपी असते, हेही त्यांनी लक्षात ठेवावं.

तांबीचं ठरलं तर बुधवारी सकाळी नऊच्या आत केसपेपर काढायला पोचलं पाहिजे. मी कल्याणला थेट येते, बाळाला बाहेर घेऊन बसेन. सिझरची फाइल आणि आधार कार्ड आठवणीने बरोबर घे.

तुझी,
मावशी