निर्मळ पाण्यातील अदृश्य विष : मत्स्यालयातील अमोनिया

कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा या नद्यांनी शिरोळ तालुका समृद्ध केला आहे. मात्र पंचगंगेवरील तेरवाड बंधाऱ्याजवळ मासे मरून तरंगण्याचे प्रकारही येथील ग्रामस्थांनी वारंवार पाहिले आहेत. तेथे पाण्याचा रंग व दुर्गंधी आधीच इशारा देतात. घरातील किंवा शाळेतील काचेच्या मत्स्यालयात मात्र पाणी आरशासारखे स्वच्छ असूनही मासे दगावतात. अनेकदा याचे कारण अमोनिया हे असते.

अमोनियाचा उगम

माशांच्या खाद्यातील प्रथिनांपासून त्यांच्या शरीरात अमोनिया तयार होतो व मुख्यत्वे कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. उरलेले खाद्य, विष्ठा आणि कुजणारी पाने त्यात भर घालतात. पाण्यातील काही जीवाणू या अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे जीवाणू नायट्राइटचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू गाळणीतील स्पंजावर आणि तळाच्या वाळूवर वाढतात. नव्या मत्स्यालयात त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी दहा-बारा मासे सोडणे म्हणूनच घातक ठरते.

मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणे, कल्ले लालसर होणे, खाद्य न घेणे ही लक्षणे होत. तथापि, प्राणवायूच्या अभावीही मासे धापा टाकतात. म्हणून चाचणीसंचाने पाणी तपासणे श्रेयस्कर.

सामूचे महत्त्व

एकूण अमोनियापैकी विषारी अंश किती, हे पाण्याच्या सामूवर व तपमानावर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तपमानाला सामू ७ असता हा अंश एक टक्क्याहूनही कमी असतो. सामू ८ झाल्यास तो सुमारे पाच टक्के, म्हणजे जवळजवळ दहापट होतो.

शिरोळ तालुक्यात ही बाब विशेष ध्यानात ठेवावयास हवी. क्षारपड जमिनीच्या परिसरातील विहिरीचे पाणी अल्कधर्मी असू शकते. जुन्या मत्स्यालयातील पाण्याचा सामू ७ असताना त्यात असे पाणी निम्मे भरले आणि सामू ८ वर गेला, तर एकूण अमोनिया निम्मा होऊनही त्याचा विषारी अंश सुमारे पाचपट वाढेल. म्हणून नव्या पाण्याचा सामू आधी तपासावा. फरक मोठा असल्यास एका वेळी केवळ दहावा हिस्सा पाणी बदलावे.

करावयाची उपाययोजना

१. एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवावे. निरोगी मोठ्या माशांना त्याने अपाय होत नाही. मेलेले मासे व कुजके अन्न त्वरित काढावे.

२. सामू जुळत असल्यास तृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे. लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया असल्यास निम्मे पाणी बदलल्याने तो १ वर येतो. दुसऱ्या दिवशीही तसेच करावे.

३. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे व जीवाणू या दोहोंनाही मारतो. टी.सी.एल. पावडर टाकलेले पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेट घालून वापरावे.

४. हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. वीज दीर्घकाळ खंडित झाल्यास गाळणीतील जीवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. अशा वेळी खाद्य देऊ नये.

५. संपूर्ण मत्स्यालय रिकामे करून वाळू व स्पंज नळाखाली घासू नये. त्याने उपयुक्त जीवाणूच नष्ट होतात. स्पंज मत्स्यालयातून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा.

६. चुना किंवा सोडा टाकू नये. सामू वाढून विष तीव्र होते.

मत्स्यालयातून नदीकडे

शाळेतील विद्यार्थ्यांनी दर आठवड्यास अमोनिया व सामू यांची नोंद तक्त्यावर ठेवल्यास नायट्रोजन चक्राचा पाठ डोळ्यांसमोर उभा राहील. नदीतही हेच जीवाणू हेच कार्य करतात. परंतु एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचे नायट्रेट होण्यास सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो. बंधाऱ्यात साचलेल्या पाण्यावर सांडपाण्याचा भार वाढला की ही तूट भरून येत नाही. मत्स्यजीवनास योग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार विद्राव्य प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम, तर मुक्त अमोनिया (नायट्रोजनच्या स्वरूपात) १.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा.

मत्स्यालयात पाणी बदलता येते. नदीत ती सोय नाही. तेथे सांडपाणी येण्यापूर्वीच त्यावर प्रक्रिया करणे, हाच उपाय होय. चाळीस लिटरच्या मत्स्यालयात मिळालेला हा धडा ग्रामसभेपर्यंत पोहोचला, तर त्याचे खरे सार्थक होईल.